नमुना घेऊन या

जालन्यात लोखंड मिळत नाही असं कुणाला सांगितलं तर तो तोंडावर हसेल. छत्रपती संभाजीनगरकडून गावात शिरताना चंदनझिऱ्याच्या आसपास भट्ट्या आणि रोलिंग मिल सुरू होतात. देशातलं, परदेशातलं भंगार ट्रक भरभरून तिथं येतं, वितळतं आणि त्याच्या सळया होऊन कुठल्या कुठल्या गावांच्या स्लॅबांत जाऊन बसतात. अशा या गावात आमच्या थोरल्या भावाची १९९६ सालची सिएलो अख्खा पावसाळा डाव्या बाजूला लाकडी ठोकळा घेऊन उभी राहिली. तिला दोन्ही टोकांना दाते असलेली हातभर लांबीची एक लोखंडी दांडी मिळत नव्हती.

दांडी म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून निघून चाकापर्यंत जाते ती हिच्या अंगावरून. पुढच्या चाकांना अशा दोन असतात आणि त्यातली एक मोडली तरी पुरे. इंजिन गुरगुरतं, गिअर पडतो, गाडी मात्र जागची हलत नाही.

‘आपल्या वेळी असं नव्हतं,’ भाऊ म्हणाला. हे वाक्य आमच्या घरात हल्ली दुधाच्या सायीपासून एसटीच्या गर्दीपर्यंत कशालाही लागतं, म्हणून मी ते सहसा कानाआड करतो. शाफ्टच्या बाबतीत मात्र त्याचं खरं आहे. तेव्हा असं नव्हतं. फक्त त्याचं कारण आम्हा दोघांना वेगवेगळं वाटतं. भावाच्या मते तेव्हाचे मिस्त्री हुशार होते. माझ्या मते तेव्हा गाड्यांच्या जातीच कमी होत्या.

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. कलेक्टर आले, एसपी आले, जिल्हा परिषद आली आणि त्यांच्यामागून सरकारी जीपगाड्या आल्या. त्याआधी गावातली मोटारगाडी म्हणजे काय, हे बोटांवर सांगता येई. बियाणांचे व्यापारी आणि जिनिंगवाले अँबॅसिडरमध्ये बसत. महिको १९६४ साली इथंच सुरू झालेली, त्यामुळे बियाणांच्या धंद्यावर बाहेरगावचे पाहुणे सतत येत आणि पाहुण्याला स्टेशनवरून आणायला अँबॅसिडरच लागे. डॉक्टर आणि वकील फियाटवाले. ती पुढं पद्मिनी झाली, पण आमच्याकडे तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत. उरलेल्या सगळ्यांसाठी महिंद्राची जीप. झालं, संपली यादी.

यादी छोटी होती आणि तीही वर्षानुवर्षं तीच. अँबॅसिडर १९५७ च्या सुमारास रस्त्यावर आली ती २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाड्याचा कारखाना थांबेपर्यंत चालू होती. मार्क टू, थ्री, फोर करत तिची जाळी बदलली, दिवे बदलले; हाडं बरीचशी तीच राहिली. नव्वदच्या दशकात इसुझूचं इंजिन आणि पाच गिअरची पेटी आली तेव्हा कुठं दुकानदार पहिल्यांदा विचारू लागला, ‘जुनं इंजिन की इसुझू?’ तोवर प्रश्नच नव्हता. ‘अँबॅसिडरचा हाफ शाफ्ट द्या’ एवढं सांगितलं की वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेला, तेलकट शाफ्ट खाली यायचा. लायसन्स-परमिटच्या राज्यानं गिऱ्हाइकाला नंबर लावून वर्षानुवर्षं गाडीची वाट पाहायला लावली हे खरं, पण मिस्त्र्यावर त्या राज्याचे फार उपकार होते. त्याला शिकायची पुस्तकं तीनच आणि ती कधी बदलायची नाहीत. मग तो हुशार न होऊन सांगतो कुणाला?

आमच्या घरी पुस्तक होतं जीपचं. काकांची काळी-पिवळी जालना ते भोकरदन चालायची, मध्ये राजूर. ज्यांनी ती गर्दी पाहिली आहे त्यांना चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या जीपचं वर्णन करून सांगायला नको. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या फळीवर लोंबकळणारी माणसं आणि ड्रायव्हर दाराबाहेर अर्धा निघालेला. या सगळ्यांचं ओझं शेवटी येई ते गाडीखालच्या प्रॉपेलर शाफ्टवर. पुढच्या गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारी ही पोकळ नळी. रस्ता खड्ड्यांचा, मागचा एक्सल वर-खाली उडणार, म्हणून नळीच्या दोन्ही टोकांना वळता येणारे जोड. त्या जोडाच्या पोटात एक लोखंडी फुली असते, तिला क्रॉस म्हणायचं. फुलीच्या चारही टोकांवर टोप्या, टोप्यांमध्ये सुईएवढी बारीक बेअरिंगं. ग्रीस वेळेवर गेलं नाही की सुया कोरड्या पडतात, गंजून लाल पूड होते. मग क्लच सोडताना गाडीच्या पोटातून ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. काका तो आवाज ऐकून सांगत, ‘भोकरदनपर्यंत जाईल, परत यायची नाही.’ आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं.

म्हणून सीटखाली बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात क्रॉसचा एक नवा संच कायम असे. क्रॉस बदलायला अवजारं कुठली, तर हातोडी, पक्कड, दोन पाने आणि बसवायला एखादा दगड. सर्क्लिप काढायची, शाफ्ट दगडावर टेकवून एका बाजूनं ठोकायचं, दुसऱ्या बाजूची टोपी बाहेर येते. कंडक्टर पोरगा हे काम प्रवाशांच्या सल्ल्यांच्या माऱ्यात रस्त्याच्या कडेला करत असे. सल्ला देणाऱ्यांत ज्यानं आयुष्यात बैलगाडीशिवाय काही हाकलं नाही तो सगळ्यात मोठ्यानं बोले.

शाफ्टच वाकला किंवा नळी चिरली, तर मात्र भोकरदन नाक्याकडच्या गॅरेजातून लेथवाल्याकडे जावं लागे. तिथलं काम बघत मी तासन् तास उभा राहिलेलो आहे. जुनी नळी कापायची, तिच्याच जाडीची दुसरी घ्यायची, टोकाचे योक नीट घासून तिच्यात बसवायचे आणि मग वेल्डिंग. कापण्याआधी लेथवाले चाचा छिन्नीनं दोन्ही टोकांवर एकेक खूण मारून ठेवत. का, ते मला फार पुढं कळलं. अशा जोडातून फिरणं जेव्हा तिरप्या कोनात पुढं जातं तेव्हा ते एकसारखं जात नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा जोर धरतं, दोनदा सोडतं. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असले तर एका जोडानं केलेली गडबड दुसरा जोड निस्तरतो. योक जरा फिरून वेल्ड झाले तर दोघांची गडबड एकमेकांत मिसळते आणि गाडी थरथरू लागते. चाचांना यातलं गणित कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या उस्तादानं खूण मारायला शिकवलं होतं, ते खूण मारत.

अँबॅसिडरचा हाफ शाफ्ट मोडला आणि नवा मिळेपर्यंत दम निघत नसला, तर तोही इथं बनायचा. चांगल्या जातीच्या पोलादाचा गज आणायचा, लेथवर उतरवायचा, टोकाला दाते कापायचे आणि शेवटी तापवून तेलात बुडवून त्याला पाणी द्यायचं. हे पाणी देणं चुकलं की खेळ संपला. कमी पडलं तर शाफ्ट दोरीसारखा पिळवटतो, जास्त झालं तर पहिल्याच दचक्यात काडकन तुटतो. जालन्यात बनलेले दोन्ही प्रकारचे शाफ्ट मी पाहिले आहेत. लोक चांगल्या शाफ्टची गोष्ट सांगतात. वाईट शाफ्टची गोष्ट सांगणारा बहुधा तेव्हा गाडीत नव्हता.

सुट्या भागांचा आणखी एक झरा म्हणजे सरकारी लिलाव. पाच-सहा खात्यांच्या म्हाताऱ्या जीप कुंपणाआड गवतात उभ्या राहत. लिलाव पुकारला की जीपवाले, गॅरेजवाले आणि भंगारवाले असे तिघं तिथं जमत. भंगारवाला वजन बघे, गॅरेजवाला गाडीखाली शिरून एक्सल आणि शाफ्ट बघे, आणि काका लांब उभे राहून गॅरेजवाल्याचं तोंड बघत. तो खूश दिसला की बोली वाढवायची.

आणि मग हैदराबाद. आमच्या मागच्या पिढीला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं वाटे, आणि ते फक्त निजामाच्या राज्यामुळे नव्हे. रेल्वेचा रूळच तिकडे जाई. मीटरगेजची अजंता एक्स्प्रेस संध्याकाळच्या वेळी पकडायची, सकाळी सिकंदराबाद. राणीगंजच्या बाजारात मोटारीच्या सुट्या भागांची दुकानं रांगेनं. जे औरंगाबादेत मिळालं नाही ते तिथं मिळणार, ही श्रद्धा. मोडका शाफ्ट गोणपाटात गुंडाळून, सुतळीनं बांधून, बाकाखाली सरकवून काका जात. एकदा मलाही नेलं होतं. तिकीट तपासनिसानं गोणपाटाकडे बोट दाखवून विचारलं, ‘ये क्या है?’ काकांनी सांगितलं, ‘नमुना.’ तपासनिसाचं समाधान झालं की भीती वाटली कोण जाणे, तो पुढं गेला.

नमुना न्यावाच लागे. ट्रंक कॉल लावून दुकानदाराला कितीही वर्णन करून सांगा, पलीकडून एकच उत्तर येई, नमुना घेऊन या. राणीगंजचा म्हातारा दुकानदार शाफ्ट हातात घेई, दात्यांवरून अंगठा फिरवी, नळी वितीनं मापे आणि न बघता पोऱ्याला सांगे की कुठल्या खणातला आण. आलेला शाफ्ट नमुन्याशेजारी फरशीवर ठेवायचा. लांबी एक, दाते एक, फ्लँजची भोकं एक, भोकांमधलं अंतर एक. मग चहा, आणि चहानंतर भाव. भावाची घासाघीस दख्खनी उर्दूत होई आणि त्यात काका नेहमी हरत. परतीच्या गाडीत ते मला पटवून देत की आपणच जिंकलो.

हे सगळं मारुतीनं बिघडवलं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, जालन्याच्या गल्ल्यांत दिसायला लागेपर्यंत आणखी थोडी वर्षं गेली. छोटी, हलकी, आवाज न करणारी. आमच्या मिस्त्र्यानं पहिल्यांदा तिच्याखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘हिचा शाफ्ट कुठंय?’ मागं जाणारा लांब शाफ्ट तिला नव्हताच. इंजिनही पुढं, चाकांना ओढही पुढं. पुढच्याच चाकांनी गाडी ओढायची आणि पुढच्याच चाकांनी वळायचंही. जीपचा फुलीवाला जोड इथं चालणार नाही; चाक पूर्ण वळवलं तर तो हिसके देईल.

यावरचा उपाय आल्फ्रेड रझेप्पा नावाच्या इंजिनिअरनं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच काढून ठेवला होता आणि १९५९ साली इंग्लंडच्या मिनी गाडीनं तो घरोघरी नेला. वाटीच्या आत वाटी, दोन्हींना खाचा, आणि खाचांत सहा पोलादी गोळ्या. चाक कितीही वळो, गोळ्या आपोआप अशा कोनात सरकतात की फिरणं अखंड एकसारखं पुढं जातं. चाकाकडच्या टोकाला हा गोळ्यांचा जोड, गिअरबॉक्सकडच्या टोकाला बहुधा तीन रोलरांचा दुसरा, जो आत-बाहेर सरकतोही, आणि दोन्हींवर रबराची वळ्यावळ्यांची टोपी. तिला बूट म्हणतात. सगळं आयुष्य त्या बुटावर अवलंबून. आतल्या ग्रीसला बाहेर सोडायचं नाही आणि बाहेरच्या मातीला आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

आमच्या मातीला ते पटलं नाही. काळ्या रानातल्या गाडीवाटेनं, कापूस वेचून झाल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांच्या खुंटांवरून मारुती नेली की बुटाला चीर पडे. चीर दिसत नाही. ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ठिपक्यांनी उडतं, तेही कुणी बघत नाही. मग एक दिवस गावातल्या मामा चौकात गाडी पूर्ण वळवताना पुढून ‘कट् कट् कट्’ ऐकू येतं. तोवर चिकणमातीनं गोळ्यांच्या खाचा खाऊन टाकलेल्या असतात. जीपचा क्रॉस हातोडीनं बदलणाऱ्या मिस्त्र्याला हा जोड उघडून पुन्हा बसवणं जमेना. गोळ्या फरशीवर घरंगळत जाऊन बाकाखाली शोधाव्या लागत. हळूहळू जमलं. आणि मग त्यानं शोध लावला की दाते नेमके किती हे मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नये. डावा शाफ्ट आणि उजवा शाफ्ट लांबीला सारखे नसतात, हा दुसरा शोध.

तरीही मारुती पचली. कारण ती एकटीच होती आणि पुढं लाखांनी विकली गेली. जितक्या विकल्या गेल्या तितके तिचे सुटे भाग बनवणारे कारखाने निघाले. २०१४ च्या जानेवारीत ती बंद झाली, पण तिचा शाफ्ट आजही जालन्यात सकाळी मागा, दुपारी मिळेल. अस्सल हवा तर अस्सल, नाहीतर तीन प्रकारचा नकली.

घात झाला तो नव्वदच्या दशकात. बाजार उघडला आणि दहा-बारा वर्षांत इतक्या जातींच्या गाड्या आल्या की मिस्त्र्याला तीन पुस्तकांच्या जागी ग्रंथालय मिळालं, तेही अर्ध्याहून अधिक पानं फाटलेलं. कल्याणजवळ बनलेली प्यूजो ३०९ आली आणि त्याच दशकात गेली. फोर्डची एस्कॉर्ट आली, ओपेलची अॅस्ट्रा आली, फियाटची उनो आली. १९९५ साली देवूची सिएलो आली. भावानं ती पुढच्या वर्षी घेतली तेव्हा तिच्यासोबत आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांनी फोटो काढले होते. पॉवर स्टिअरिंग म्हणजे काय, हे दाखवायला तो एका बोटानं गाडी वळवी. २००० साली मूळ कोरियन कंपनीचं दिवाळं वाजलं, इथला कारखानाही पुढं थांबला, आणि जालन्यातल्या सिएलो एका रात्रीत अनाथ झाल्या.

म्हणून मला हसू येतं, लोक ‘जुनी गाडी’ म्हणतात तेव्हा. १९७२ ची अँबॅसिडर जुनी, पण तिचं सगळं मिळतं. १९९६ ची सिएलो तिच्याहून दोन पिढ्यांनी लहान, पण म्हातारी तीच. कित्येक वर्षांत इथं कुणी तिच्यासाठी काही बनवलेलं नाही. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत टिकली, आणि ती मायेमुळे टिकली असं मला वाटत नाही. मायेला क्रॉस लागत नाहीत. हजारो सारख्या टॅक्सी होत्या, म्हणून भाग होते, म्हणून त्या चालल्या.

आता शोधायची रीत बदलली आहे, हे मान्य करायला हवं, आणि बरीच सुधारली आहे. फोनवर चासी नंबर टाकला की गाडीची कुंडली निघते: कुठल्या महिन्यात बनली, गिअरबॉक्स कुठला, शाफ्टचा पार्ट नंबर कोणता. एखादा नंबर बंद होऊन त्याजागी दुसरा आला असेल तर तोही दिसतो. पैसे भरले की तिसऱ्या दिवशी दारात खोका. काकांना हे दाखवलं असतं तर त्यांनी राणीगंजला जायचं कारण गेलं म्हणून आधी तोंड पाडलं असतं. पण एक आहे. एकाच नावाच्या एकाच वर्षाच्या दोन गाड्यांना आज दोन वेगळे शाफ्ट असू शकतात. एबीएस असलेल्या काही गाड्यांत बाहेरच्या जोडाभोवती दात्यांची एक कडी असते, तिचे दाते मोजून सेन्सर चाकाचा वेग ओळखतो. कडी नसलेला शाफ्ट बसतो अगदी बरोबर, गाडीही चालते, फक्त समोर पिवळा दिवा कायमचा लागतो. अंगठा फिरवून हे कळत नाही. इथं पार्ट नंबरच लागतो, आणि तिथं मी नव्या काळाच्या बाजूचा आहे.

सिएलोचा नंबर टाकला तेव्हा काय आलं? नंबर आला, चित्र आलं, आणि खाली ‘उपलब्ध नाही’.

मग सुरू झाली जुनीच पायपीट, नव्या कपड्यांत. शाफ्टचा फोटो, शेजारी मापपट्टी ठेवून, दात्यांचा जवळून वेगळा फोटो, हे सगळं पुण्याच्या जुन्या बाजारापासून कुर्ल्याच्या भंगार गल्लीपर्यंत फोनवरून गेलं. सिएलो ही मुळात ओपेलच्या कॅडेट गाडीचं कोरियन रूप, म्हणून भाऊबंदांत कुठं काही जुळतं का हेही पाहिलं. उत्तरं हिंदीत आली, मराठीत आली, गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत आली. त्यातलं एक माझ्या ओळखीचं निघालं: ‘फोटोवरून सांगता येत नाही. नमुना घेऊन या.’

भाऊ भंगाराच्या मालातही बघून आला. पूर्वी हे सोपं होतं. ट्रकमधून अख्खे एक्सल, शाफ्ट, हब उतरत. ओळखीचा मुकादम असला की दोन रुपये किलोनं वर देऊन हवं ते उचलता येई. कितीतरी गाड्या अशा भट्टीच्या तोंडून परत रस्त्यावर आल्या. आता तिथं कुंपण आहे, कॅमेरे आहेत, हेल्मेटशिवाय फाटकाच्या आत पाय टाकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तिथली कामं जिवाशी खेळ करणारी. पण मालाचंही रूप बदललं. पुष्कळसं भंगार आता दाबून गठ्ठे करून येतं, नाहीतर यंत्रानं मुठीएवढे तुकडे करून. त्या ढिगात पाच सिएलोंचे दहा शाफ्ट असतीलही. ओळखणार कोण?

भावाची गाडी शेवटी उठली, त्याची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायला मिस्त्र्याची परवानगी नाही. आतला जोड जुनाच, नवे रोलर घालून. बाहेरचा जोड दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचा. कुठल्या, ते तो सांगत नाही, आणि त्या गाडीचा फोटोही आम्हाला काढू देत नाही. मधली दांडी एका म्हाताऱ्या टर्नरनं मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड लावून, एकेक दाता मोजत कापून दिली. आधी एमआयडीसीतल्या सीएनसीवाल्यांकडे गेलो होतो. पोरगा हुशार, मशीन लखलखीत. त्यानं विचारलं, ‘किती नग?’ आम्ही म्हटलं, एक. त्यानं चहा पाजला आणि नाही म्हणाला. एका नगासाठी तो मशीन लावू शकत नाही, यात त्याचा काही दोष नाही. हत्यारं लावण्यातच त्याचा दिवस जाईल.

आता भावाची ‘आपल्या वेळी’ची बाजू. तिच्यात एक भोक आहे, ते तो लपवतो. लेथवर वेल्ड केलेला शाफ्ट भोकरदन रस्त्यावर ताशी चाळीसनं गोड चालायचा, कारण त्याहून जोरात जाता येत नव्हतं. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा उघडला. त्यानंतर आमच्या ओळखीच्या एकानं हौसेनं जपलेली जुनी जीप जालन्याच्या इंटरचेंजवरून वर चढवली. साठपर्यंत ठीक. ऐंशीला सीट थरथरली, आरसा हलून मागचं दिसेनासं झालं, आणि तो पुढच्या फाट्याला उतरून गुपचूप जुन्या रस्त्यानं घरी आला. शाफ्ट दोन ठिकाणी तोलात नव्हता. चाळीस वर्षं त्यानं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. पूर्वीही शाफ्ट मशीनवर फिरवून, वजनाचे तुकडे चिकटवून तोल साधता येत होताच, पण त्यासाठी मोठ्या गावी जायचं आणि वर पैसे द्यायचे. जीपवाला म्हणे, चालतंय की. आणि पुढचा जोड तुटून शाफ्टचं टोक रस्त्यात रुतलं तर धावती जीप मागून उचलली जाते. चतुर्थीच्या दिवशी टपावर बसलेल्यांच्या वाट्याला हे येत असे. त्या आठवणी आम्ही शाफ्टच्या गोष्टींत घेत नाही.

म्हणून मी तेव्हाच्या कारागिरीपेक्षा तेव्हाच्या सारखेपणाकडे बोट दाखवतो. सारखेपणामुळे भाग मिळत, सारखेपणामुळे मिस्त्री घडत. तो परत येणार नाही आणि यावा असंही मला वाटत नाही. त्याच्यासोबत गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावणंही परत येईल. पण त्या काळी गाडी विकत घेताना एक प्रश्न कुणी विचारायची गरज नव्हती, तो आता विचारावा लागतो: हिचे भाग पुढं मिळतील का? जुन्या गाड्यांना सरकारही एका बाजूनं ढकलतंच आहे. १ एप्रिल २०२२ ला पंधरा वर्षं झालेल्या मोटारीच्या पुन्हा नोंदणीचे सहाशेचे पाच हजार रुपये झाले. पाच हजार भरणारा माणूस भरेल. शाफ्ट कुठून आणेल?

गेल्या दिवाळीत भाचा आला होता, फिगो घेऊन. लाल, चकचकीत, मन लावून जपलेली. फोर्डनं २०२१ च्या सप्टेंबरात भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, तेव्हाची बातमी त्यानं वाचलेली आहे, पण त्याला काळजी नाही.

‘मामा, कंपनीनं सांगितलंय, पार्ट मिळत राहतील.’

भावानं त्याच्याकडून किल्ली घेतली, गाडी अंगणातच चाक पूर्ण डावीकडे वळवून एक गोल फिरवली, मग उजवीकडे. खिडकी खाली करून, डोकं बाहेर काढून ऐकलं. काही आवाज नव्हता.

‘डावा आणि उजवा, दोन्ही आत्ताच घेऊन ठेव,’ तो म्हणाला. ‘आणि बुटाच्या चार जोड्या. खोक्यावर नंबर असेल, तो खोका फेकू नको.’

‘इतकं ठेवू कुठं? आमचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर.’

‘माझ्या माळ्यावर जागा आहे,’ भाऊ म्हणाला, ‘सिएलोच्या बंपरशेजारी.’